ठोकळ्यांतली असई : सगळी लढाई मांडावी की एकच तोफ?

ठोकळेकर

नमस्कार मंडळी,

लेगोचे ठोकळे जोडून लढाया मांडणारं इथे कोणी आहे का? असेल तर मदत हवी आहे. नसेल तर निदान वाद घालायला तरी या.

मला २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई मांडायची आहे. "पानिपत का नाही?" हे घरच्यांनी विचारून झालंय. पानिपताचा पसारा मला झेपणार नाही आणि शेवट माहीत असल्यामुळे बघणारे पहिल्याच मिनिटाला हळहळायला लागतात. असईचं तसं नाही. पुण्या-मुंबईच्या दहा जणांना विचारलं तर नऊ जण "कुठे आलं हे?" म्हणतात. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात.

थोडक्यात प्रसंग असा. दक्षिणेला केळना नदी, उत्तरेला जुई, आणि पूर्वेला पुढे जाऊन दोघी मिळतात. मधे जमिनीची चिंचोळी जीभ. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची छावणी केळनेच्या उत्तर काठाला. शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमन नावाच्या हॅनोवरच्या (जर्मन) माणसाच्या हाताखाली, दहा हजारांच्या वर. नदीकडे तोंड करून, तोफा पुढे काढून उभं. समोरून आला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन म्हणून ओळखला गेला. त्याच्याकडे नियमित फौज साडेचार हजारांच्या आसपास, शिवाय म्हैसूरचं आणि पेशव्यांच्या बाजूचं घोडदळ. दुसरी तुकडी घेऊन कर्नल स्टीव्हन्सन यायचा होता, पण त्याची वाट न पाहता याने त्याच दिवशी लढायचं ठरवलं.

समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाडे म्हणाले, दुसरा उतार (नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा) नाही. वेलस्लीला मात्र पूर्वेला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोरच्या काठांवर दिसली. दोन गावं अशी वसली आहेत म्हणजे मधे येण्याजाण्याची वाट असणारच, असं त्याने ताडलं. उतार होताच. तिथून पलीकडे जाऊन तो शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर आला. आणि मग खरी गंमत. पोलमनने सगळी रांग काटकोनात वळवली. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पलटणी, तोफांसकट, पूर्वेकडे तोंड करून दोन नद्यांच्या मधे उभ्या राहिल्या. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती.

मला हे वळणं दाखवायचं आहे. आणि इथेच गाडी अडली आहे. मिनिफिगच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसांच्या, मापात (साधारण १:४२ धरा) मैलभराची आघाडी अडतीस मीटर होते. म्हणजे ४८ स्टडच्या (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) शंभरेक बेसप्लेट, म्हणजे खालच्या सपाट पाट्या, नुसत्या एका ओळीत. माझ्या हॉलची लांबी सांगत नाही, रडू येईल.

तर प्रश्न : (१) माप काय घ्यावं? (२) शिंद्यांच्या शिपायांचे कपडे कसे? (३) जमीन कोणत्या रंगाची?

---

खट्याळ_काका

हॉल विकून मैदान घ्या.

धागा आवडला. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

अर्धा_स्टड

मिनिफिग विसरा दादा, मायक्रोत या. एक स्टड = दहा मीटर धरा. मैलभर आघाडी १६० स्टडमध्ये बसते, म्हणजे १२८ सेंटिमीटर. तीनपेक्षा थोड्या जास्त बेसप्लेट. डायनिंग टेबलवर मावेल.

याच मापात सहाशे जणांची पलटण दोन रांगांत उभी केली तर ती दीडशे-पावणेदोनशे मीटर लांब होते. म्हणजे १×८ च्या दोन पट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या की झाली एक पलटण. माणसं दिसणारच नाहीत, पण रांग दिसेल. तुम्हाला वळणारी रांगच तर दाखवायची आहे ना?

उंचीचंही जमतं. स्टडमधलं अंतर ८ मिमी आणि प्लेटची (पातळ चपट्या ठोकळ्याची) जाडी ३.२ मिमी, त्यामुळे एक प्लेट = चार मीटर. नदीचा काठ एक प्लेट खाली घ्या, नाला असेल तिथे टाइल (वर स्टड नसलेला तुकडा) लावून गुळगुळीत पाणी. गावं १×१ च्या गोल तुकड्यांची.

आधी स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. फुकट आहे, कोणता तुकडा किती लागेल ते मोजून देतं. टेबलवर ठोकळे ओतून सुरुवात केलीत तर नद्या कधीच एकमेकींना भेटणार नाहीत.

---

तोफची

असई घेतलीत, आनंद झाला. कपड्यांबद्दल सांगतो, पण आधी एक विनंती. कृपा करून शिंद्यांच्या बाजूला ढाल-तलवारवाले मावळे उभे करू नका. ती चूक नव्वद टक्के चित्रांमध्ये असते. एका बाजूला शिस्तीत गोरे, दुसऱ्या बाजूला आरडाओरडा करत धावणारी गर्दी. असईत तसं नव्हतं.

ज्या पायदळाने वेलस्लीला रोखलं ते महादजींच्या काळात डी बॉइनने उभं केलेल्या कंपूंचं, म्हणजे कवायती पलटणींच्या तुकड्यांचं. बॉइन हा युरोपातल्या सव्हॉयचा, त्याच्यानंतर पेराँ नावाचा फ्रेंच आला. भरती बरीचशी हिंदुस्थानातली, म्हणजे अवध, दोआब, रोहिलखंड इकडची. हातात चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका, टोकाला संगीन, हुकमावर रांग बदलणारी माणसं. काटकोनात वळणं हे गर्दीचं काम नाही. गोळे पडत असताना पलटणीची पलटण वळवायला वर्षांची कवायत लागते. वेलस्लीने स्वतःच लिहून ठेवलंय की हे पायदळ टिपूच्या पायदळापेक्षा सरस होतं.

आता अडचण. डी बॉइनच्या तेलंग्यांचे, म्हणजे कवायती शिपायांचे, डगलेही लाल. ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासी शिपाई लाल, गोऱ्यांच्या पलटणी लाल. म्हणजे तुमच्या टेबलवर लाल विरुद्ध लाल. बघणाऱ्याला काही कळणार नाही आणि तेच खरं असेल!

उपाय : शिंद्यांकडे निळे फेटे, काळे पट्टे. मद्रासी शिपायांना पांढरी आखूड विजार, मांड्यांच्या खाली पाय उघडे. हे मिनिफिगमध्ये मस्त होतं. कमरेचा तुकडा पांढरा, पाय तपकिरी. गोऱ्यांना पांढरे पाय. धड तिघांचंही लालच. समुद्री चाच्यांच्या जुन्या संचांमधले १९९२ नंतरचे लाल शिपाई मिळाले तर धडं तयारच आहेत, फक्त टोप्या काढा. फेट्याचा तुकडा लेगोने वेगवेगळ्या संचांत दिलाय, पण निळा मिळवायला शोधाशोध करावी लागेल.

तोफांबद्दल जेवल्यावर लिहितो.

---

गोदातीर

तोफचींशी अर्धा सहमत. कंपू कवायती होते हे खरं, पण शिंदे-भोसल्यांचं घोडदळ संख्येने कितीतरी मोठं होतं. ते न दाखवता फक्त लाल डगले दाखवले तर ही लढाई मराठ्यांची वाटणारच नाही. मुलांना भगवा दिसायला हवा.

---

तोफची

घोडदळ मोठं होतं, मान्य. पण ते बहुतेक वेळ उभंच होतं. बरं, भगवा दाखवायचाच असेल तर दोन्ही बाजूंना दाखवावा लागेल. बापू गोखल्यांचं घोडदळ त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूने होतं. वसईच्या तहाने पेशवे इंग्रजांच्या बाजूला गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. केळनेच्या दक्षिणेला शिंद्यांच्या स्वारांवर नजर ठेवायला वेलस्लीने हेच घोडदळ मागे ठेवलं. मुलांना दाखवायला ही गोष्ट फार गैरसोयीची आहे, म्हणूनच दाखवावी असं माझं मत.

---

गोदातीर

हे माहीत नव्हतं. म्हणजे नदीच्या एका काठाला मराठे आणि दुसऱ्या काठालाही. ठोकळेकर, मायक्रो मांडणीत हे दोन तुकडे नक्की ठेवा, एकाच रंगाचे.

---

भोकरदनचा_पाहुणा

माझं आजोळ तिकडचं, म्हणून जमिनीचं मी सांगतो.

भारतातली लढाई म्हटली की लेगोवाले पिवळट वाळूच्या रंगाच्या बेसप्लेट घेतात. राजस्थान समजतात की काय कोण जाणे. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाडा असा नसतो. पाऊस नुकताच सरलेला, काळी जमीन, बांधावर गवत गुडघ्याइतकं. गडद तपकिरी खाली, वर हिरव्याचे ठिपके, नदीकाठी जास्त हिरवं. नद्याही उन्हाळ्यातल्या कोरड्या ओढ्यासारख्या दाखवू नका. पाणी होतं म्हणून तर उताराला एवढं महत्त्व आलं. मे महिन्यात हीच लढाई झाली असती तर वेलस्लीला दोन गावांकडे बघून तर्क करायची गरजच पडली नसती, कुठूनही चालत गेला असता.

आणि असई गावाला मातीची भिंत होती. तपकिरी ठोकळे उलटसुलट, काही आडवे काही उभे लावले की मातीची भिंत छान होते. एकसारख्या विटा रचल्या तर इंग्लंडातलं गाव वाटेल.

---

रेवा

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला असं काही करायचंय. पण पडलेली माणसं, रक्त वगैरे दाखवायचं का? लेगो स्वतः तर बंदुका-रणगाडे काढत नाही म्हणतात.

---

अर्धा_स्टड

ताई, आधुनिक लष्करी संच काढायचे नाहीत हे त्यांचं जुनं धोरण आहे. २०२० मध्ये ऑस्प्रे विमानाचा संच दुकानात यायच्या तोंडावर रद्द केला, कारण ते विमान खऱ्या लष्कराचं आहे म्हणून जर्मनीत विरोध झाला. पण किल्ले, सरदार, चाचे, तोफा चालतात. जुनं झालं की युद्ध खेळणं होतं, असा काहीसा हिशोब. रणगाडे हवेत त्यांच्यासाठी पोलंडची कोबी आहे, अमेरिकेत ब्रिकमेनिया आहे.

---

तोफची

रक्त नको. लाल पारदर्शक तुकडे सांडलेल्या मांडण्या मी पाहिल्या आहेत, बघणारे लढाई सोडून तेच बघत बसतात. पण पडलेली माणसं असायलाच हवीत. वेलस्लीच्या फौजेत मेलेले-जखमी मिळून सोळाशेच्या जवळ गेले. साडेचार हजारांतले! उजवीकडची ७४ वी पलटण भरकटून असई गावाच्या तोफांसमोर गेली, तिथे एकट्या तिचेच चारशेच्या आसपास. चौकोन करून उभे राहिले, वरून शिंद्यांकडचे स्वार आले. शेवटी वेलस्लीच्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल याने घोडदळ घालून सोडवलं आणि पुढे तोही मेला. हे सगळं नुसत्या उभ्या, हसऱ्या बाहुल्यांनी दाखवलं तर तो संचलनाचा देखावा होईल.

नऊ वर्षांच्या मुलाला यातलं बरंच कळतं. तो विचारेल, तुम्ही सांगा.

आता तोफा. शिंद्यांच्या तोफा आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली ओतल्या जात. फ्रेंच धर्तीच्या, उत्तम. असईत नव्वदहून जास्त तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, यावरून मारा किती असेल बघा. नदी ओलांडल्यावर वेलस्लीने आपल्या तोफा पुढे आणल्या, पण ओढणारे बैलच मारले गेले. तोफा जागच्या जागी. मग संगिनी लावून पायदळाला सरळ पुढे चालायला सांगितलं.

तोफेचं माप : लेगोचं ३३ मिमीचं गाडीचं चाक १:४२ ला जवळपास १.४ मीटर होतं. मैदानी तोफेला चालून जातं. संचांतली तयार तोफ वापरू नका, ती जहाजावरची आहे, चाकं चिमुकली. नळीसाठी गोल तुकडे एकावर एक, सोनेरी किंवा मळकट पिवळे.

---

टेम्सकाठी

इथे लंडनहून लिहितेय. चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये विल्यम सायबॉर्नने केलेलं वॉटर्लूचं, म्हणजे वेलिंग्टनने नेपोलियनला हरवलं त्या लढाईचं, मॉडेल आहे. पंचाहत्तर हजारांच्या आसपास टिनची चिमुकली माणसं. सायबॉर्न लष्करी अधिकारी, रणभूमीवरच्या शेतवाडीत आठ महिने राहून त्याने जमीन मोजली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं, संध्याकाळी सातच्या सुमाराला तुम्ही नेमके कुठे होतात, समोर कोण होतं, पिकं कसली होती? १८३८ मध्ये मॉडेल लोकांसमोर आलं.

मला त्यात दोन गोष्टी पटल्या. एक, त्याने दिवसभराची लढाई दाखवली नाही, एक क्षण निवडला. दुसरं, त्याने उत्तरांत विसंगती येणार हे धरून चालून खूप जणांना विचारलं. वाद झालेच. वेलिंग्टनच्या मदतीला आलेली प्रशियाची फौज त्या घटकेला किती आणि कुठपर्यंत आली होती यावरून तर फारच, कारण ती जितकी जवळ दाखवावी तितकं विजयाचं श्रेय वाटलं जातं. आपल्याच वेलिंग्टनला हा उद्योग रुचला नव्हता. त्याचं म्हणणं असं की लढाईचा इतिहास लिहिणं हे नाचाच्या मेजवानीचा इतिहास लिहिण्यासारखं आहे. छोट्या छोट्या घटना आठवतात, पण कोणती कधी घडली ते कोणाला सांगता येत नाही.

म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं होतं, तुमची लढाईतली सर्वांत चांगली कामगिरी कोणती? वॉटर्लू नाही म्हणाला. म्हणाला, असई.

---

ठोकळेकर

टेम्सकाठी, हे वाचून हुरूप आला.

तोफची, तोफांवरून एक प्रसंग डोक्यात घोळतोय. इंग्रज पायदळ तोफांच्या रांगेवरून पुढे गेलं तेव्हा शिंद्यांचे काही गोलंदाज (तोफा डागणारे) तोफांशेजारी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. फौज पुढे गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. मग वेलस्लीला ७८ वी पलटण आणि घोडदळ घेऊन परत फिरावं लागलं, त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्यायला. मिनिफिगमध्ये हे करायचं म्हणतोय. एकच तोफ, पाच-सहा गोलंदाज. एक अजून पडलेला, एक अर्धवट उठलेला, दोघे तोफेचं शेपूट उचलून फिरवतायत.

अडचण मिनिफिगची. गुडघे नाहीत. पाय फक्त कमरेत वाकतो. "अर्धवट उठलेला" माणूस बसलेला दिसतो, नाहीतर पालथा.

---

अर्धा_स्टड

पाय काढून टाका. धड तिरक्या तुकड्यावर बसवा, पाय तोफेच्या चाकामागे दडतील असा कोन घ्या. फोटोत आणि टेबलवर समोरून कोणाला कळत नाही. पडलेल्यासाठी जमिनीतच खळगा ठेवा, आजूबाजूला गवताचे तुकडे. पाठीवर सपाट आडवा पडलेला मिनिफिग नेहमी फळीसारखा दिसतो, म्हणून एक हात वर, डोकं बाजूला वळवलेलं.

सुट्या तुकड्यांसाठी ब्रिकलिंक. २००० मध्ये एका हौशी माणसाने काढलेली बाजारपेठ, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. पण परदेशातून मागवताना जपून. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. निळे फेटे इथेच कोणाकडे सुटे मिळतात का, ते आधी विचारा. मातीच्या भिंतीला आणि जमिनीच्या पोटात भरायला दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे खुशाल वापरा. वर दिसत नाहीत, पकड थोडी कमीजास्त असली तरी चालतं.

---

शुद्धलेगोवादी

चालत नाही. एकदा दुसरे ठोकळे शिरले की लेगो लेगो राहत नाही.

---

खट्याळ_काका

दोन्ही बाजूंना लाल डगले घातलेल्या लढाईच्या धाग्यावर हे वाचून डोळे पाणावले.

---

नीलकांती

धुराचं काय करणार? बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या तोफा, पहिल्या दहा फैरींनंतर कोणाला काही दिसत नसणार. कापूस लावणार का? मी हस्तकलेवाली, ठोकळेवाली नाही, पण उशीतला पॉलिस्टरचा कापूस साध्या कापसापेक्षा बरा. पिंजून पातळ करता येतो, ओलाव्याने बसत नाही. आत पिवळा छोटा दिवा सोडला तर तोफ आत्ताच उडाल्यासारखी दिसते.

---

तोफची

धूर हवाच. आणि धूर नेमका तिथे ठेवा जिथे ७४ व्या पलटणीला आपण कुठे चाललोय ते कळलं नसेल. लपवाछपवीलाही उपयोगी, अर्धी माणसं कमी लागतात.

---

ठोकळेकर

सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय :

दोन वेगळ्या मांडण्या. पहिली मायक्रो, एक स्टड दहा मीटर. जमीन गडद तपकिरी-हिरवी. शिंद्यांची रांग दोनदा दाखवणार. केळनेकडे तोंड केलेली पहिली रांग नुसत्या करड्या टाइलची, जमिनीत बसवलेली, म्हणजे इथून उठून गेलेत हे कळेल. वळलेली रांग लाल. पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर, मधला उतार पारदर्शक तुकड्यांचा. पेशव्यांकडचे आणि शिंद्यांकडचे स्वार एकाच भगव्या रंगात, नदीच्या दोन बाजूंना. ज्याला प्रश्न पडेल त्याला सांगेन.

दुसरी मिनिफिगची, ३२ स्टडच्या एका बेसप्लेटवर. एक तोफ, तिचे गोलंदाज, मागून दिसणारी पुढे गेलेल्या इंग्रजांची पाठ. धूर नीलकांतीताईंच्या पद्धतीने. सगळे डगले लाल. ओळखायला फेटे.

गोदातीर, मायक्रोत शिंद्यांचा झेंडा मोठा लावतोय, तेवढं तुमचं ऐकतो.

शुद्धलेगोवादी, आतला ठोकळा दुसऱ्या कंपनीचा असणार आहे. सांगून ठेवलं.

एक राहिलं. तोफेमागे मेलेला बैल ठेवायचा होता, पण ते बैल इंग्रजांचे. मग दुसऱ्या मांडणीत त्याला जागा नाही, मायक्रोत बैल एका स्टडपेक्षा लहान. काय करू?

---

तोफची

बैल नदीच्या उताराजवळ, तिसरी छोटी मांडणी. १६ स्टडची. अडकलेली इंग्रजांची तोफ, दोन बैल आडवे, एक उभा. ती केल्याशिवाय "संगिनी लावून चाला" हा हुकूम का दिला ते कळत नाही.

---

रेवा

बैल आमचा मुलगा करून देईल म्हणतोय. लेगोची गाय आहे त्याच्याकडे, पाठीवर वशिंड लावायला १×१ चा गोल तुकडा बसतो का ते बघतोय.

---

अर्धा_स्टड

पाठीवर स्टड नसेल तर बसणार नाही. मानेवर जू आडवं बांधायला सांगा, दोरा चालेल. जू दिसलं की बैल ओळखता येतो.